वाढलेले ताट आणि न लावलेला परवाना

एकदा एका शिष्याने, घरोघरी इंटरनेट पोहोचल्यानंतरच्या काळात, तारखेवरून तिथी सांगणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे इतरांनी आपल्या वेबसाइटला जोडावा असा तयार कोड. तिथे कादंबऱ्या शोधत जाऊ नका. ती त्याने सर्वांसाठी उघडी ठेवली आणि कोणी वापरतो का, याची वाट पाहत बसला. हळद लागलेला नवरदेवही इतका उतावीळ नसतो.

अखेर पूजासाहित्य विकणारा एक व्यापारी तयार झाला. पण त्याच्या वकिलाने निरोप धाडला, "यावर परवाना नाही. संध्याकाळपर्यंत लावा, नाहीतर आम्ही दुसऱ्याची घेऊ."

शिष्य तणतणत गुरूंकडे गेला. "गुरुजी, सगळं उघड्यावर ठेवलंय. मी कुणाला नको म्हटलंय? या वकिलाला उद्योग नाही दुसरा."

"बस," गुरू म्हणाले. त्यांनी ताट वाढले. वाफाळता वरणभात, वर तूप, कडेला लिंबाची फोड. मग ते समोर बसून निवांत सुपारी कातरू लागले.

यजमान 'घ्या' म्हणेपर्यंत घासाला हात लावायचा नाही, हे शिष्याचे घरचे वळण. तो थांबला. खाकरला. वासाची स्तुती केली. तूप थिजू लागले.

"गुरुजी, जेवू का?"

"मी नको म्हटलं का?"

"पण घ्या असंही म्हटलं नाहीत."

"मग तो वकील तुझ्यासारखाच चांगल्या घरचा दिसतो," गुरू म्हणाले. "तूही ताट वाढलंस आणि गप्प बसलास. कोड ज्याने लिहिला त्याचा. त्याने परवानगी लिहून दिल्याखेरीज शहाणा माणूस हात लावत नाही. परवाना म्हणजे 'घ्या, सावकाश होऊ द्या' हे लिहून ठेवणं. कुणी म्हणतो, खा, डबाही भरून न्या, रांधणाऱ्याचं नाव तेवढं राहू द्या. कुणी म्हणतो, यातून नवा पदार्थ करून वाटलात तर त्याची कृतीही द्या. काय ते ठरव, पण बोल."

शिष्य खुलला. "मग मी स्वतःच लिहितो. वापरणाऱ्याने माझे आभार मानावेत, धंदा सचोटीने करावा, आणि माझ्या मेहुण्याच्या कंपनीने तर हातच लावू नये..."

गुरूंनी ताट उचलले आणि ते स्वयंपाकघराकडे निघाले.

"बरं, बरं," शिष्य घाईने म्हणाला. "खा, न्या, नाव राहू द्या. तसा तयार परवाना आहे, तोच लावतो." त्याने तिथेच मोबाईलवरून लावला. मग गुरू 'घे' म्हणाले आणि तो गार भात मिटक्या मारीत जेवला.

संध्याकाळी व्यापाऱ्याने लायब्ररी घेतली. पुढच्या आठवड्यात मेहुण्यानेही घेतली. शिष्याने कपाळाला आठी घातली, पण परवाना तसाच राहू दिला. एकदा सर्वांना 'घ्या' म्हटल्यावर पंगतीत कोण येऊन बसले, हे यजमानाने मोजायचे नसते.