पाठमोरा कडोबा

फार जुनी गोष्ट. रंगनाथ आचारी लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायचा. त्याच्या अन्ननळीला एकाच शेजाऱ्याचा राग होता. तो म्हणजे जठराच्या दारात बसलेला गोल स्नायू, कडोबा. घास आला की तो उघडायचा आणि लगेच घट्ट मिटायचा. शिवाय बसायचा कायम तिच्याकडे पाठ करून.

"आज लग्न आहे," अन्ननळी फणकारली. "रंगनाथ घडीघडी चव बघणार. दर वेळी मला कशाला ताटकळत ठेवतोस? राहा की उघडाच!"

कडोबाही दमलाच होता. "बरं, अक्का," म्हणाला आणि सैल पडला.

दिवसभर मजा झाली. मठ्ठा, भजी, जिलबी, सगळं सुळकन खाली गेलं. पंगती उठल्या आणि रंगनाथ सतरंजीवर आडवा झाला.

तेवढ्यात खालून खळखळ ऐकू आली. अन्ननळीने डोकावून पाहिलं. भज्या-जिलब्यांचा लगदा करणारं जठरातलं आम्ल तिच्याच दिशेने सरकत होतं. पहिला शिंतोडा उडताच ती होरपळली.

"कडोबा, मीट! अरे, मीट लवकर!"

कडोबा जोर लावू लागला, पण दिवसभर सैलावलेलं अंग काही केल्या आवळेना. आम्ल चढतच राहिलं. शेवटी रंगनाथ छाती धरून ताडकन उठून बसला. आम्ल जरासं ओसरलं, तशी कडोबाने सगळा जीव एकवटून दार मिटलं.

"तू माझ्याकडे पाठ करून का बसतोस, ते आज कळलं रे," अन्ननळी म्हणाली.

कडोबा वळला नाही.

"हळू बोल, अक्का," तो म्हणाला. "ते अजून दाराशीच आहे."