चिपट्याची कल्हई

त्या राज्यात दर महिन्याला प्रत्येक मडक्याला सरकारी कोठारातून एक पायली जोंधळा मिळे, आणि एकाही मडक्याचं पोट भरत नसे. मडकी एकमेकांनाच बोल लावत. हे म्हणे तू वाटेत खाल्लंस, ते म्हणे तुझंच पोट सुटलंय. पायलीवर कुणाचा संशय नव्हता. केवढी थोरली, पितळेची, घासूनपुसून लख्ख. तिच्याकडे बघायला जावं तर मडक्याला स्वतःचंच तोंड दिसे, आणि ते बघून कुणालाही गप्पच बसावंसं वाटे.

कोठाराच्या कोपऱ्यात एक लहानसं माप होतं, चिपटं. सोळा चिपटी धान्य म्हणजे एक पायली, एवढीच त्याची विद्या, आणि ती कुणी विचारत नव्हतं.

एकदा पायलीबाई दिवाणांच्या घरच्या लग्नात मिरवायला गेल्या, आणि वाटपाचं काम चिपट्याच्या गळ्यात आलं. रांगेत पहिली होती चिरीआत्या. जुनं मडकं, कमरेशी चीर गेलेली, म्हणून ते नाव. चिपट्याने सोळा वेळा ओतलं. जोंधळा आत्याच्या गळ्याशी आला.

आत्या घाबरलीच. "मोजताना चुकलास का रे बाबा? मागाहून माझ्यावर यायचं."

"सोळाच घातली, आत्या."

"मग काढ थोडं. पायलीबाई दोन बोटं खालीच थांबतात."

चिपट्याला आपलीच लाज वाटली. त्याने सगळं उपसून पुन्हा मोजलं. सोळाच.

पायली परत आल्यावर त्याने तिच्या पोटात वाकून बघितलं. तळाशी जाड लाख थापलेली, वरून पितळी रंग. गोडसर करपट वास येत होता.

"बघितलंस ना?" पायली म्हणाली. "आता विसर. तू एवढंसं. तुला चेपायला एक टाच पुरे."

त्याच सुमारास दिवाण सूपरावांनी दवंडी पिटवली होती, की कोठारातली लबाडी जो सांगेल त्याला दरबार पाठीशी घालील. सूपराव फार न्यायी. समोर येईल ते वर उडवून बघायचे. वजनदार असेल ते स्वतःजवळ ठेवायचे, हलकं असेल ते वाऱ्यावर सोडायचे. चिपट्याने दवंडी मनावर घेतली. लहान भांड्यांना ती खोड असते.

त्याने दरबारात जाऊन पाहिलेलं सांगितलं, आणि चौकात तपासणी झाली. चौदाव्या चिपट्यालाच पायली काठोकाठ भरली. पंधरावं सांडलं, सोळावंही सांडलं. मडक्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि सांडलेलं वेचायला धावली.

"शाबास," सूपराव म्हणाले. "पण आता तुला वैरी झाले. पायलीबाईंचे सोयरे फार. तुला सरकारी खर्चाने कल्हई करून देतो. संरक्षण. आठ दिवसांनी फेरतपासणी, मग निकाल."

"पण ठोके बाहेरून बसणार, दिवाणजी. कल्हई तर आतून असते."

"खऱ्याला आतूनच जपावं लागतं."

चिपट्याला भरून आलं. ते आपल्या पायांनी सरकारी कल्हईवाल्याकडे, भात्याकडे गेलं. भाता म्हणाला, "डोळे मीट, धूर लागेल." चिपट्याने मिटले. कल्हईला नवसागराचा वास येतो, हे कुठलंही भांडं सांगेल. चिपट्याला दुसराच वास आला. गोडसर, करपट.

"भातेमामा, हे काय ओतताय?"

"संरक्षण," भाता फुसफुसला. "पायलीबाईंनाही मीच दिलंय."

फेरतपासणीला सगळं राज्य लोटलं. चौदा झाली, पंधरा झाली. सोळावं चिपटं ओतलं आणि पायली बरोब्बर भरली. एक दाणा सांडला नाही.

"माझ्या पोटात बघा," चिपटं ओरडू गेलं. पूर्वी टिचकी मारली की ते ठणठणायचं, चौकापलीकडे ऐकू जायचं. आता नुसतं थप् झालं.

"खोटारडं," मडकी म्हणाली. "आमच्या बाईंना बट्टा लावतंय." दोघातिघांनी त्याला लाथाही घातल्या. भरल्या पोटी एवढा जोर त्यांना कधी आला नसता.

चिरीआत्या हळूच म्हणाली, "त्या खेपेला मी गळ्यापर्यंत भरले होते."

"तू फुटकी," शेजारचं मडकं म्हणालं. "तुझं काय धरायचं?"

सूपरावांनी मोठ्या मनाने चिपट्याला माफ केलं. त्याला झेंडूची माळ घालून कोठाराच्या दारावर खिळ्याला टांगलं, आणि खाली पाटी लावली, 'निर्भय बोला, दरबार पाठीशी आहे.'

पुढच्या महिन्याला चिरीआत्या आपला वाटा घेऊन कोठारातून बाहेर पडली. जोंधळा गळ्याखाली दोन बोटं. दारात थांबून तिने चिपट्याला काठाने हलकेच टोकलं. थप्. तिने वाकून त्याच्या आत नाक घातलं. गोडसर, करपट.

चिपट्याच्या शेजारी भिंतीवर सात नवे खिळे ठोकून ठेवले होते. प्रत्येकाला ताजी माळ आधीच अडकवलेली होती.