राखणदाराचे श्राद्ध

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाच्या राजांची नावेही आता कोणाला आठवत नाहीत. श्रावण महिना होता, वेळ भर दुपारची. एका गावाच्या तलावाचा बांध फुटला. पाणी खालच्या आळीत शिरले. अकरा माणसे वाहून गेली. त्यांत चार लहान मुले होती.

त्या बांधाला सटवा नावाचा राखणदार होता. त्याला काम एकच. तलावात खूण केलेला एक दगड होता. पाणी खुणेला लागले की मोरीची फळी उचलायची आणि जास्तीचे पाणी ओढ्यात सोडून द्यायचे. त्या दुपारी पाटलाच्या घरी बारसे होते. सटवा पोटभर जेवला आणि मोरीपाशी येऊन झोपला. पाणी आधी खुणेवर चढले, मग बांधावर. पुढचे वर सांगितलेच आहे.

दुसऱ्या दिवशी पंच तलावाकाठी बसले. त्या गावात साक्षीची एक रीत होती. साक्षीदाराने कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे, बांधाची ओली माती डोक्यावर घ्यायची आणि मग बोलायचे. असे बोललेले शब्द पंचांनाही पुसता येत नसत. ज्याने उच्चारले त्यानेच पुन्हा त्या पाण्यात उतरून ते मागे घ्यायचे.

सटवा पाण्यात उतरला. माती डोक्यावर ठेवून म्हणाला, "कुंभार बांधाच्या पायथ्याची माती उकरत होता. मी या डोळ्यांनी पाहिलं. म्हणूनच बांध खचला."

कुंभार ओरडला, "पाटील, मी माती पलीकडच्या काठावरून आणतो! खड्डे तिथं आहेत. चला, आत्ता दाखवतो!"

पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर होता. एकही पंच जागचा उठला नाही.

कुंभाराचे चाक मोडले. बायको-लेकीसह त्याला ओढ्यापलीकडे घालवले. त्याच्या घरची मडकी कोणी घ्यायची नाहीत, त्याच्या घरच्यांनी तलावाचे पाणी भरायचे नाही, आणि ही बंदी वंशाला लागू. तिसऱ्या वर्षी कुंभार खंगून मेला.

इकडे सटव्याला झोप लागेना. डोळा मिटला की पाण्याचा आवाज यायचा. एके दिवशी तो बैराग्यांच्या मेळ्याबरोबर निघून गेला.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढे तुम्हाला ती विसरावीशी वाटेल. सटवा खरोखर बदलला. ते ढोंग नव्हते. बारा वर्षे त्याने महारोग्यांच्या जखमा धुतल्या, दगडावर पाठ टेकली, मुंगीलाही वाट दिली. शेवटी त्याने संन्यास घेतला. संन्यास घेणारा माणूस आपले श्राद्ध आपणच करतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. सटव्याने नदीकाठी बसून स्वतःच्या नावाने पिंड घातला. गुरूने त्याला नवे नाव दिले, निर्मळस्वामी.

स्वामी गावी परतले आणि तलावाकाठी झोपडी बांधून राहिले. रोज संध्याकाळी ते लोकांसमोर सांगत, "मी महापापी होतो. माझ्या झोपेनं अकरा जीव घेतले. माझ्या जिभेनं निरपराध कुंभाराचं घर बुडवलं."

पहिल्या दिवशी गाव सुन्न झाले. दुसऱ्या दिवशी रडले. महिन्याभरात दहा गावांची माणसे तेच ऐकायला येऊ लागली. उशिरा आलेला शेजारच्याला हळूच विचारी, "कुंभाराचं झालं का?"

"नाही, अजून झोपच चाललीय. बस खाली."

एका संध्याकाळी कुंभारीण स्वतः आली. गर्दीतून वाट काढत थेट पुढे गेली.

"सटवा भावजी, उठा. पाण्यात उतरा."

शिष्य खेकसला, "ए बाई, स्वामी म्हण!"

"स्वामींशी माझं काही काम नाही. मला सटवा पाहिजे."

स्वामी शांतपणे म्हणाले, "माई, सटवा मेला. त्याचा पिंड मी या हातांनी घातला."

"मेला? मग त्याची गोष्ट रोज कोण सांगतं?"

गर्दीत कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

"माझी लेक रोज दोन कोसांवर नदीला जाते पाण्याला," कुंभारीण म्हणाली. "तिला सोयरीक येत नाही. तिच्या हातचं मडकं कुणी घेत नाही. तुम्ही रोज इथं घटकाभर बोलता. त्यातले चार शब्द पाण्यात उभं राहून बोला. बंदी उठते."

"माई, त्या पाण्यात उतरायचं म्हणजे सटव्याच्या नावानं उतरायचं. ते नाव मी पुन्हा घेतलं तर माझा संन्यास मोडतो."

"तुमचा संन्यास मोडेल. माझ्या घरचं चाक मोडलंय."

स्वामींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी उठून सगळ्यांदेखत कुंभारणीचे पाय धरले. लोकांनी जयजयकार केला. केवढी ही नम्रता!

"पाय सोडा हो," कुंभारीण म्हणाली. "पाय धरून काय होणार?"

पण त्या गजरात ते कोणाला ऐकू गेले नाही.

ती पाटलाकडे गेली. पाटील पान लावत होता.

"साक्ष खोटी होती हे तुम्हाला ठाऊक आहे ना, पाटील?"

"ठाऊक म्हणजे? पाठ आहे. रोज ऐकतो."

"मग बंदी उठवा."

"कशी उठवू? साक्ष सटव्याची. मागे घ्यायची ती सटव्यानं. आणि शास्त्राप्रमाणे सटवा मेलेला. मेलेल्याची साक्ष कायमची, बाई. रीत मी नाही घातली."

"ज्या दिवशी माझा नवरा खड्डे दाखवत होता, त्या दिवशी तरी उठायचं होतंत."

पाटलाने पान तोंडात टाकले. आता त्याला बोलता येत नव्हते.

कुंभारणीचे बोलणे स्वामींना लागले, हेही खरे आहे. त्यांनी तीन दिवस अन्न घेतले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी आणखी कडक प्रायश्चित्त घेतले, जन्मभराचे मौन. आता ते पाण्याबाहेरही काही सांगत नव्हते. लोक म्हणाले, हा तर वाचासिद्धीच्याही पुढचा मार्ग. गर्दी दुप्पट झाली.

मौनाच्या तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. नदी आटली. तलावात मात्र गावापुरते पाणी होते. कुंभारीण तापाने फणफणत होती आणि पाणी मागत होती. लेकीने घागर उचलली आणि भर दिवसा तलावावर गेली. त्या दिवशी स्वामींच्या मौनाचा वाढदिवस होता. काठावर जेवणाची हजार पाने उठत होती. लेक गेली तशी कोरडी परत आली. दिवेलागणीच्या आत कुंभारीण गेली.

स्वामींना कळले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. गालांवरून अश्रू ओघळले. शिष्यांनी ते रेशमी वस्त्राने टिपले आणि त्या वस्त्राच्या चिंध्या प्रसाद म्हणून वाटल्या.

लहानथोर सर्वांनी यातून घ्यायचे ते इतकेच: जो बदलला, त्याने आधी परत जाऊन आपण मोडलेले उभे करावे, नाहीतर त्याच्या बदलण्याने सुटतो तो एकटाच.

लेकीची घागर दुसऱ्या दिवशी काठावर फुटलेली सापडली. ती दगड मारून फोडलेली होती. तिथे आदल्या दुपारी हजार माणसे होती. दगड कोणी मारला, हे त्या गावात अजून एकानेही सांगितलेले नाही.