चार वाट्या तेल

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक भलंमोठं लिंबाचं झाड मनात आणा. त्याची सावली हळूहळू हलते आहे. तिच्यात वनमाळी महाराज बसले आहेत. हे गाव कुसळवाडी. महाराज बारा महिने उघड्यावरच राहत. आता मात्र गुडघे थकले होते; जमिनीवरून उठताना झाडाचा आधार घ्यावा लागे.

हे पाहून गावातल्या मंजुळेने त्यांच्यासाठी घरीच खुर्ची करायला घेतली. नवऱ्यामागे राहिलेला रंधा, पटाशी आणि परसातलं बाभळीचं लाकूड, एवढंच तिच्याजवळ होतं. तिची नऊ वर्षांची लेक येसू वाळूने लाकूड घासून गुळगुळीत करी.

गावचे रखमाजी सुतार कुंपणाशी थांबले. त्यांनीही महाराजांसाठी सागाची झळझळीत खुर्ची केली होती.

"बाभळीची खुर्ची? काटे तरी काढलेस ना, मंजुळे?"

येसू म्हणाली, "काढले, काका. आता पायांना खालून तेल पाजायचंय. जमिनीची ओल तिथूनच चढते, आई म्हणते."

"खालून कोण बघतंय, पोरी? ही उन्हात तडकणार. उद्या महाराज पडले, तर काय सांगशील?"

दुपारी खरोखरच मागच्या पायाला चीर दिसली. दुसरं लाकूड नव्हतं. आई जवसाचं तेल मागायला शेजारच्या वाडीला गेली. घरात ओंजळभरच उरलं होतं. येसूने ते चार वाट्यांत वाटलं, त्यांत खुर्चीचे पाय ठेवले आणि चिरेवर हात धरून बसली. "महाराज, तुम्ही पडू नका," ती पुटपुटली. तिचा डोळा लागला.

स्वप्नात खुर्चीला पालवी फुटली. पिवळी फुलं संथपणे खाली येत होती. खाली तेलाचं सोनेरी तळं होतं आणि त्यात महाराज अनवाणी उभे होते.

जाग आली तेव्हा चीर नव्हती. लाकूड मधासारखं काळसर झालं होतं, आणि चारही वाट्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली दोन्ही खुर्च्या मांडल्या. महाराज सावकाश बाभळीच्या खुर्चीत टेकले. ती कुरकुरलीसुद्धा नाही. कुठे चीर पडली आहे का ते पाहायला रखमाजी गुडघ्यांवर वाकले. समोर महाराजांची पावलं होती, तेलाने चकाकणारी. जवसाचा वास येत होता.

"महाराज, हे तेल?"

महाराज म्हणाले, "काल दुपारी टाचांच्या भेगा फार दुखत होत्या. कुणीतरी त्यांवर मायेनं हात धरला."

काल दुपारी महाराज याच झाडाखाली एकटेच झोपले होते, हे रखमाजींनी स्वतः पाहिलं होतं. त्यांचं कपाळ आपोआप त्या पायांवर टेकलं. "माझ्या खुर्चीचे पाय कोरडेच आहेत, महाराज," ते म्हणाले.

येसू उठली. घरी जाऊन तिने त्या चार वाट्या जपून आणल्या, आणि रखमाजींची खुर्ची उलटी करून तिच्या पायांना तेल लावू लागली.