तीनशे दांड्यांचं पाणीयंत्र

एका यंत्राला तीनशे दांडे कशाला? यंत्रघरातल्या पोऱ्याने, केरूने, यंत्र सांभाळणाऱ्या आक्काला विचारलं, दिवाणजींना विचारलं, यंत्र घडवणाऱ्या कारागिराच्या मुलालाही विचारलं. जो तो त्याला कामाला पिटाळे!

साऱ्या राजवाड्याचं पाणी त्या यंत्रातून फिरे. कोणता दांडा ओढला की पाणी कुठे जातं, हे एकट्या आक्काला ठाऊक. महिन्यापूर्वी ती तापाने गेली. तेव्हापासून राजा वीरभानाने अंघोळीला पाणी मागितलं, की भिजायचा हत्ती!

राजा खवळला. "सूर्य मावळायच्या आत मला हवा तो दांडा पहिल्या फटक्यात सापडला पाहिजे! मी काही पाठ करणार नाही, पाट्या वाचणार नाही, कुणाला विचारणारही नाही. नाहीतर यंत्र वितळवून घंगाळं करा!"

केरू पुढे सरसावला. आक्काने दहा वर्षं तेल घालून जपलेलं यंत्र! "मी करतो, महाराज!" तो बोलूनही गेला.

दिवाणजी हसले. "अरे, तुला वीसपर्यंत मोजता येत नाही!"

"मग तीनशे मोजायचा ताप वाचला, दिवाणजी!"

केरूने यंत्रघर गाठलं आणि पहिला दांडा खसकन ओढला. लांबून किंकाळी आली! निथळता आचारी झारा उगारून धावत आला. "माझी चूल कुणी विझवली रे?"

"या आचारीबुवा!" केरूने झारा हिसकला आणि त्याच दांड्याला बांधला.

दुसऱ्या दांड्याला माहूत आला, हत्तीची घंटा घेऊन. तिसऱ्याला न्हाणीघरातली दासी, पाय घासायची वज्री घेऊन. चौथ्याला कचेरीतून दिवाणजीच आले, पगडी पिळत!

"द्या इकडे!" पगडीही दांड्यावर चढली.

असे सगळे दांडे ओढून झाले. जे ओढून कुणीच ओरडत आलं नाही, त्यांच्यावर केरूने गोधड्या टाकल्या.

दिवस कलताना राजा आला. वज्री दिसताच त्याने तो दांडा ओढला. न्हाणीघरात धो धो पाणी! झाऱ्याचा ओढला, स्वयंपाकघरात पाणी!

"आणि गोधडीखाली काय रे?"

"ज्यांचं पाणी कुठे आलं याची कुणाला खबरच नाही महाराज, ते दांडे शोधायला येणार कोण? झोपू द्या त्यांना!"

राजा पोट धरून हसला. केरूला सोन्याचं कडं मिळालं आणि यंत्रघराची राखणही.

"माझी पगडी, महाराज?" दिवाणजी कुरकुरले.

"राहू दे तिथेच! कचेरी सापडायला नको?"

सगळे गेल्यावर केरूने एका गोधडीचं टोक उचललं. खालचा दांडा ओढला तेव्हा यंत्रघरामागच्या दगडी डोणीत पाणी पडलेलं त्याने ऐकलं होतं. तेलकट हात आक्का तिथे धुवायची. आज तिथून कुणी ओरडत आलं नव्हतं.

केरूने कनवटीची आक्काची हिरवी बांगडी काढली आणि त्या दांड्याला बांधली.