बाबांचा जुना फ्लॅश

एकदा एका गावात संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली, आणि सगळं तिथून सुरू झालं.

कापडाच्या एका व्यापाऱ्याकडे नातवाचं बारसं होतं. पाळणा सजलेला, बायका जमलेल्या. आपल्या गुरूंना सोबत घेऊन फोटो काढायला आलेली तरुण शिष्या मात्र घामाघूम झाली. तिचं हे पहिलंच काम. कॅमेरा नवाकोरा, रात्रंदिवस ब्लाउज शिवून घेतलेला. तो बिघडला तर पुन्हा मशीनपाशीच बसणं आलं. त्याचा स्वतःचा इवलासा फ्लॅश पाळण्यापलीकडे पोचेना.

"अहो फोटोवाल्या ताई, आटपा! नातू बोहल्यावर चढेपर्यंत थांबायचं का?" व्यापारी गरजला, आणि त्याच आवाजात पायाशी घुटमळणाऱ्या थोरल्या नातीवर ओरडला, "गप बस एका जागी!" पोरगी कोपऱ्यात जाऊन मुसमुसू लागली.

शिष्येला पिशवीतला फ्लॅश आठवला. तिचे वडील रिळाच्या काळातले फोटोग्राफर. ते गेले, मागे हा दांडगा फ्लॅश राहिला. तिने सेल घातले, कळ दाबली. आतून बारीक शीळ चढत गेली, लाल दिवा लागला. फ्लॅशचं बूड तिने कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेपाशी नेलं. अगदी मापात! जणू बाबांनी आजच्यासाठीच ठेवला होता.

तेवढ्यात सोबत आलेल्या तिच्या वृद्ध गुरूंनी कॅमेरा हिसकून घेतला, सदऱ्याखाली धरला आणि मांडी घालून बसले.

"काका, हे काय? द्या ना!"

"नाही."

"लोक बघतायत हो!"

"बघू देत."

"म्हातारबांना वेड लागलं काय?" व्यापाऱ्याने विचारलं. शिष्येच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांच्या वस्तूचा काकांना हेवा वाटतो की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

गुरूंनी फ्यूज बघायला आलेल्या वायरमनला हाक मारली. "तुझं मीटर जरा या फ्लॅशच्या बुडाला लाव." त्याने सुया टेकवल्या. आकडा दोनशे व्होल्टच्या वर गेला. वायरमननेच हात मागे घेतला.

"पोरी," गुरू शांतपणे म्हणाले, "तुझ्या बाबांच्या कॅमेऱ्यात धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकायचे, बस. त्यांना विजेचा एवढा दाब सहज पचायचा. तुझ्या कॅमेऱ्याच्या पोटात फार नाजूक कारभार आहे. काही कॅमेऱ्यांना पाच-सहा व्होल्टच काय ते सोसतात. एका फोटोत जळून गेला असता. सगळेच जुने फ्लॅश असे नसतात, पण कुणाच्या अंगावर ते लिहिलेलं नसतं. खाचेत बसतं ते सोसतंच, असं नाही."

"मग बाबांचा फ्लॅश टाकून देऊ?"

"टाकतेस कशाला? त्याची जागा बदल."

त्यांनी खिशातून बोटाच्या पेराएवढा काचेचा डोळा काढला, फ्लॅशला जोडला आणि फ्लॅश लांब फडताळावर ठेवला. "दुसरा उजेड दिसला की हा डोळा त्याला जागं करतो. आणि तुझा छोटा फ्लॅश ऑटोवर ठेवू नकोस. तो फोटोच्या आधीच एकदा मिचकावतो, आणि हा म्हातारा फ्लॅश वेळेआधी बोलून मोकळा होतो!"

बायका हसल्या. कॅमेरा परत हातात आला. शिष्येने छोटा फ्लॅश ऑटोवरून काढला आणि बटण दाबलं. छोटा फ्लॅश लुकलुकला, आणि त्याच क्षणी फडताळावरून बाबांच्या उजेडाने अख्खं घर भरून टाकलं. कॅमेऱ्याला काही झालं नाही. पडद्यावर पाळणा दिसला, आत्याबाई दिसल्या, आणि कोपऱ्यात रडवेली पोरगीही दिसली.

व्यापारी तो फोटो बघतच राहिला. मग तो कोपऱ्याकडे गेला, पोरीपासून जरा लांबच उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "ये गं बाई. तू नसलीस तर भावाच्या बारशाचा फोटो कसला?" पोरगी आपणहून उठली आणि त्याच्या मांडीवर येऊन बसली.

मोठ्यांचं सगळं बळ लेकराच्या माथ्यावर थेट ठेवू नये. लांबून दाखवलेला उजेड त्याला पुरतो.

आणि एक विनंती. कुणाच्या घरी पेटीत असा जुना फ्लॅश असेल, तर मीटर लावल्याशिवाय तो नव्या कॅमेऱ्यावर चढवू नका, एवढं चार जणांच्या कानावर घाला.