सतरावी गाठ

पूर्वी शिलावती नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विहिरी खोदणाऱ्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव खेमक. धाकटा भाऊ पिंगल त्याच्या हाताखाली काम करी. तीन वर्षे पाऊस रुसला, तेव्हा दोघांनी राजाकडून नगराच्या विहिरीचा ठेका घेतला. अट कडक होती. फाल्गुनी पौर्णिमेपर्यंत पाणी लागले नाही, तर ठेका ज्याच्याकडे असेल त्याने घरादारासह नगर सोडायचे. नगराबाहेर बारा कोस पाण्याचा टिपूस नव्हता, आणि पिंगलची मुलगी अवघी वीस दिवसांची होती.

त्या लोकांचा एक रिवाज होता. विहीर दर वेळी आणखी परसभर, म्हणजे पुरुषभर, खोल गेली की तिथली मूठभर माती फडक्यात गाठ मारून ठेवायची. ठेका दुसऱ्याला द्यायचा झाला तर पंचांसमोर त्या गाठी त्याच्या हवाली करायच्या. खाली काय आहे ते त्याला मातीवरून कळे.

सतराव्या परसाला ओली करडी वाळू लागली. अशी वाळू बाजूंनी सरकते, आणि दगडी बांध घातल्याशिवाय खाली उतरलेला माणूस बहुधा वर येत नाही. बांधाला महिना हवा होता आणि पौर्णिमा चार दिवसांवर आली होती.

त्याच दिवशी नगरातलाच दुसरा विहीर खोदणारा सोमिल दोन मुलग्यांना घेऊन ठेका मागायला आला. राजाच्या विहिरीवर काम करायची त्याला जन्माची हौस. पिंगलला वाटले, देवच पावला.

"दादा, सोळाच गाठी दे," तो भावाच्या कानाशी लागला. "त्यानं विचारलं तर बघू. आपण होऊन कशाला सांगायचं? घरात तान्हं आहे."

"तो काय विचारणार? वाळू आपण पाहिली, त्यानं नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "आणि त्याचीही दोन पोरं खाली उतरणार आहेत."

पंचांसमोर त्याने सतराही गाठी दिल्या. सोमिलने शेवटची सोडली, वाळू बोटांत चोळली आणि सगळ्या गाठी परत केल्या. पिंगलचा तोल सुटला. "माझ्या पोरीला उन्हात मारायला काढलंस!" तो चारचौघांत ओरडला.

दुसऱ्या सकाळी बोधिसत्त्व एकटाच खाली उतरला. पिंगलला त्याने उतरू दिले नाही. दोर धरायला सोमिल आणि त्याचे मुलगे आपणहून आले. दुपारपर्यंत वाळूच्या पाट्या वर येत राहिल्या. मग खालून घरघर ऐकू आली. पिंगलसह चौघांनी जीव खाऊन ओढले, पण दोर तुटूनच वर आला.

संध्याकाळी वाळूवर पाणी चढले. ठेका पुरा झाला, असे राजाने जाहीर केले. पिंगलचे घर नगरातच राहिले, आणि ते पाणी मुलीला पाजताना त्याला रडू आवरत नसे.

ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा खेमक मीच. सोमिल म्हणजे भिक्षू सुदंत, जो उद्या विहाराचे छप्पर शाकारायला चढणार आहे. आणि पिंगल म्हणजे भिक्षू रोहक. ते काम त्यानेच सुदंतावर सोपवले, पण आढे कुजले आहे हे सांगितले नाही."

मग शास्त्यांनी सत्यपारमितेचे, म्हणजे खरेपणाच्या परिपूर्णतेचे, नाव घेतले. ते ऐकायला रोहक तिथे नव्हता. तो सुदंताला गाठायला धावत गेला होता.